पुण्यातलं संशोधन: प्रयोगशाळा, कोर्ट आणि गाव यांच्या मधलं

वेताळटेकडी

'बारावीनंतर काय' या धाग्यावर परवा एका ताईंनी लिहिलं, "खरं संशोधन सायन्सलाच. आर्ट्स आणि लॉ म्हणजे पाठांतर." तिथे विषयांतर नको म्हणून इथे सविस्तर लिहितो. हे वाक्य पुण्यात राहून कुणी लिहावं याचं मला मनापासून वाईट वाटलं.

लॉ कॉलेज रोडवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांनी नुसतं आजूबाजूला बघावं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७चं, आयएलएस लॉ कॉलेज १९२४चं, बीएमसीसी रोडवरची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३०ची, आणि पलीकडे आगरकर रोडला वनस्पती नि सूक्ष्मजीवांवर काम करणारी आघारकर संस्था. हस्तलिखितं, कायदा, दारिद्र्य आणि जीवशास्त्र यांची घरं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पण या चारही फाटकांतून आत गेलेला माणूस मला क्वचित भेटतो.

इरावती कर्व्यांचं उदाहरण घ्या. आपण त्यांना 'युगान्त'साठी ओळखतो. त्यांची पीएचडी मात्र बर्लिनची आणि विषय कवट्यांचा. मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. गोऱ्यांच्या कवटीच्या दोन बाजू जास्त असमान असतात, म्हणून त्यांची बुद्धी वरचढ, असं फिशरचं गृहीतक. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा असमानतेशी काही संबंध दिसत नाही असं लिहून दिलं. १९३० सालच्या जर्मनीत, स्वतःच्या गाइडच्या विरोधात! पुढे डेक्कन कॉलेजात नातेसंबंधांचा अभ्यास, मग कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणी. ती १९६९मध्ये छापून आली. कुणाला जमीन मिळाली, कुणाला नुसते पैसे, गाव फुटलं तेव्हा सोयरिकींचं काय झालं, हे त्यात घरोघर विचारलेलं आहे. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला तो १९७६ साली. म्हणजे कवटीच्या मोजमापापासून धरणग्रस्तांच्या हक्कांपर्यंत एकाच बाईच्या आयुष्यातला हा रस्ता. याला कुठल्या 'स्ट्रीम'मध्ये बसवणार?

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते दोन वेगळ्या संस्थांचं आहे आणि ते एकत्र वाचलं जात नाही. गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१मध्ये भारतातल्या दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो, तिथे त्यांनी रेघ मारली: १९६०-६१च्या किमतींनी खेड्यात महिना १५ रुपये, शहरात साडेबावीस. खेड्यातले ४० टक्के आणि शहरातले ५० टक्के लोक त्या रेघेखाली निघाले. देशभर त्यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता.

आता पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम बघा. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बायका, त्यांची बाळं, मग ती बाळं मोठी होताना, असा हा अभ्यास. इथल्या नवजात बाळाचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधल्या बाळाचं ३.५. आपलं बाळ प्रत्येक मापात लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ तेवढीच. हडकुळं दिसणारं, तरी आतून चरबी राखलेलं. पुढे असंही दिसलं की गरोदरपणी ज्या आईच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आणि फोलेट हे दुसरं जीवनसत्त्व जास्त, तिच्या मुलात इन्शुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त. मधुमेहाची वाट तिथून सुरू होते.

हे दोन्ही शेजारी ठेवले की प्रश्न उभा राहतो. कॅलरी मोजून आखलेल्या रेघेच्या वर आलेलं कुटुंब खरंच सुटलं का? पोट भरलं आणि बी-१२ नाही, तर त्याचा हिशेब कुठल्या कागदावर होतो? रेशनच्या कायद्यात किलो आहेत. आईच्या रक्तात काय आहे ते त्यात नाही. अर्थशास्त्र, वैद्यक आणि कायदा तिघांनी एका टेबलाशी बसल्याशिवाय याचं उत्तर निघणार नाही.

तुम्हाला माहीत असलेली अशी कामं लिहा. एका शाखेने भागलं नाही, दुसरीचा हात धरावा लागला, अशी. पुण्यातली असतील तर उत्तमच.

---

शिरूरकर

याज्ञिकांचा तो फोटो राहिला! लॅन्सेटमध्ये २००४ला आला होता. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. आमच्या गावच्या आरोग्य शिबिरात मी हा फोटो दाखवतो. "मी तर बारीक आहे, मला कशाला शुगर होईल" म्हणणारे लोक तो बघून गप्प होतात आणि रक्त तपासायला रांगेत उभे राहतात. एका पानाचा लेख, पण तालुक्यापर्यंत पोचला.

---

सांख्यिकी_पुणे३०

माझं उदाहरण नारळीकरांच्या फलज्योतिष चाचणीचं. २००८ साली जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ यांनी मिळून केलेली. खगोलशास्त्रज्ञ, समाजात काम करणारा डॉक्टर आणि संख्याशास्त्र. यातला एकही गळला असता तर चाचणी पांगळी झाली असती.

मांडणी अशी. २०० मुलांच्या कुंडल्या: १०० हुशार म्हणून शाळांनी निवडलेली, १०० मतिमंद मुलांच्या शाळांतली. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४० कुंडल्या, कुठली कोणत्या गटातली ते ओळखायचं. २७ जणांची उत्तरं आली. सरासरी यश ४६ टक्के. सगळ्यात जास्त २४ बरोबर, तेही एकाच ज्योतिषाचे. एका संस्थेने सगळ्या २०० घेतल्या, त्यांच्या १०२ बरोबर.

वर्गात मी हेच गणित देते. २७ जण नुसते नाणं उडवत बसले, प्रत्येकी ४० वेळा, तर त्यातल्या तीन-चार जणांचे २४ किंवा जास्त छापे येतील. म्हणजे सगळ्यात यशस्वी ज्योतिषाचा निकालसुद्धा योगायोगाच्या आतला. मुलं इथे हसतात, पण मला त्यातलं सौजन्य दाखवायचं असतं. ज्योतिषांना आधी विचारलं, नियम आधी सांगितले, कुंड्यांचे संकेतांक गुप्त ठेवले, आणि निकाल 'करंट सायन्स' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला. विरोधकाचं म्हणणं नीट ऐकून त्याला मोजता येईल अशा प्रश्नात उतरवणं हे फार अवघड काम आहे.

डॉ. दाभोलकरांचा खून २० ऑगस्ट २०१३ला ओंकारेश्वराजवळच्या पुलावर झाला. जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी आला. त्या चाचणीत कायद्याचा एक शब्द नव्हता. पण कायद्याची चर्चा ज्या जमिनीवर झाली, ती अशा कामांनी तयार केली होती असं मी मानते.

---

मुठाकाठ

कुंडल्या हवं, घाईत कुंड्या झालंय. बाकी प्रतिसाद सुंदर. 🙏

---

कोर्टकचेरी

उलटं उदाहरण देतो. विज्ञान आणि कायदा एकत्र आले, पण एकमेकांना न विचारता.

२००८च्या जूनमध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात जन्मठेप सुनावली. पुराव्यांत मेंदूतल्या विद्युत लहरींची चाचणी होती. आरोपीला वाक्यं ऐकवायची, डोक्याला लावलेल्या इलेक्ट्रोडवरून लहरी टिपायच्या, आणि मेंदूत त्या प्रसंगाचा 'अनुभव' आहे की नाही ते ठरवायचं. जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांनी टीका केली. या पद्धतीची स्वतंत्र तपासणी कुणी केलीय? चुकण्याचं प्रमाण किती? आठवण आणि ऐकीव माहिती यातला फरक यंत्राला कळतो कशावरून?

५ मे २०१०ला सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या चाचण्या संमतीशिवाय करणं घटनाबाह्य ठरवलं. आधार कलम २०(३), स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. निकालपत्रात न्यायालयाने या तंत्रांचा वैज्ञानिक इतिहास आणि मर्यादा पानंच्या पानं वाचलेल्या आहेत. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ती पानं गाळू नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे.

तज्ज्ञाचं मत पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ४५खाली यायचं, १ जुलै २०२४पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ३९खाली येतं. कलमाचा आकडा बदलला. तज्ज्ञाला नेमकं काय विचारायचं ते वकिलाला समजलं पाहिजे, ही गरज मात्र तशीच आहे. मी उलटतपासणीची तयारी करताना आधी संख्याशास्त्राच्या मित्राला फोन लावतो.

---

रुमाल

मला थोडा वेगळा सूर लावायचाय. हे सगळं ऐकायला छान, पण सगळ्यांनी सगळीकडे हात घालायचा म्हणजे उथळपणाला आमंत्रण. आपल्या पुण्याचं मोठेपण चिकाटीत आहे. भांडारकरमध्ये महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ला हाती घेतली, १९६६ला पुरी झाली. १२५९ हस्तलिखितं ताडून बघितली. संपादक सुकथनकर मधेच गेले, बेलवलकरांनी पुढे नेलं, वैद्यांनी संपवलं. डेक्कन कॉलेजात संस्कृत कोशाचं काम १९४८पासून चालू आहे, सुमारे एक कोटी चिठ्ठ्या, आणि छापील खंड अजून 'अ'मध्येच आहेत. ही माणसं टेबलं बदलत बसली असती तर काहीच झालं नसतं. आज विद्यार्थी 'इंटरडिसिप्लिनरी' म्हणून येतात, आणि मोडी वाचता येत नाही, संस्कृत येत नाही, आकडेमोडही येत नाही. आधी एक विहीर पाण्यापर्यंत खणा.

---

वेताळटेकडी

रुमाल, तुमचा मुद्दा मला मान्य आहे आणि तो इथे यायलाच हवा होता. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या त्या कॅलिपर हातात धरायला शिकूनच.

पण तुमचीच उदाहरणं जरा आतून बघू. कोशाच्या त्या चिठ्ठ्या कशावरून काढल्या? सुमारे दीड हजार ग्रंथांतून. वेद, व्याकरण, आयुर्वेद, गणित, धर्मशास्त्र, वास्तुशास्त्र, काव्य. एका शब्दाचा वैद्यातला अर्थ आणि व्यवहारातला अर्थ वेगळे लावताना त्या संपादकाला दोन्ही शास्त्रं कळावी लागतात. खोल खणणारा माणूस तिथे रोज सीमा ओलांडतो, फक्त त्याचा गाजावाजा करत नाही.

पां. वा. काणे तर व्यवसायाने वकील. 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र'चे पाच खंड, १९३० ते १९६२, साडेसहा हजारांच्या आसपास पानं, प्रकाशक आपली भांडारकर संस्था. दत्तक, वाटणी, स्त्रीधन यांवर ते लिहितात तेव्हा एक डोळा स्मृतिग्रंथांवर आणि एक प्रिव्ही कौन्सिलच्या, म्हणजे इंग्रजी राजवटीतल्या सर्वात वरच्या अपील न्यायालयाच्या, निकालांवर असतो. १९६३ला भारतरत्न मिळालं. हे एका माणसाचं, एकाच विषयातलं काम. तरी त्यात कायदा, इतिहास आणि समाज तिन्ही आहेत.

---

रुमाल

काण्यांवर माझी हरकत नाही. 😊 उलट भर घालतो. वि. त्र्यं. गुण्यांचा मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवरचा प्रबंध डेक्कन कॉलेजने १९५३ला छापला, तो उभा आहे महजरांवर. महजर म्हणजे गोतसभेपुढे, गावातल्या जाणत्यांच्या सभेपुढे, झालेल्या निवाड्याचा कागद. खाली साक्षीदारांच्या निशाण्या: पाटलाचा नांगर, बलुतेदारांची आपापली हत्यारं. ज्याला अक्षर येत नाही त्याची साक्षही तिथे नोंदलेली आहे. कायद्याचा अभ्यास म्हणून वाचा, जातीव्यवस्थेचा म्हणून वाचा, दोन्ही अंगांनी तो कागद बोलतो. अट एकच, मोडी आलं पाहिजे. मी यावरून हटणार नाही.

---

तासिका_तत्त्व

विस्तार, खोली सगळं ठीक. पण रोज कॉलेजात जे 'संशोधन' चालतं त्यावरही कुणीतरी बोला. मी तासिका तत्त्वावर शिकवते. एका ठिकाणी मुलाखतीला गेले तर पहिला प्रश्न, "पेपर किती?" कशावर आहेत ते विचारलंच नाही. पैसे भरले की आठ दिवसांत छापून देणारी नियतकालिकं आहेत, नावात 'इंटरनॅशनल' आणि 'मल्टिडिसिप्लिनरी' दोन्ही असतं. भौतिकशास्त्र, मराठी कादंबरी आणि जीएसटी एकाच अंकात. या धाग्यातल्या विस्तारावर माझं प्रेम आहे, म्हणूनच त्याची ही नक्कल बघून संताप येतो.

हेही आपल्याच विद्यापीठात मोजलं गेलंय. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ला यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) मान्य यादीतली, विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेली नियतकालिकं तपासली. ८८ टक्क्यांहून जास्त निकषांवर टिकली नाहीत. खोटे आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक), खोटे इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांचे दाखले किती दिले जातात त्याचा आकडा), संपादकांचे पत्तेच नाहीत. त्यानंतर यादी बदलली, २०२२च्या नियमांत पीएचडीआधी पेपर छापण्याची सक्तीही गेली. नोकरीच्या मुलाखतीतला पहिला प्रश्न अजून तोच आहे.

---

शिरूरकर

ताई, अगदी खरं. लिहीत राहा.

---

हळदकुंकू

छोटंसं. हळदीचं पेटंट. १९९५ला अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मंजूर झालं. १९९६ला सीएसआयआरने, म्हणजे देशाच्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने, आव्हान दिलं. तेव्हा तिचे प्रमुख होते रघुनाथ माशेलकर, त्याआधी आपल्या एनसीएलचे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे) संचालक. १९९७ला पेटंट रद्द. तिथे "आमच्या आजीला माहीत होतं" चालत नाही, आधी छापलेलं दाखवावं लागतं. संस्कृत ग्रंथांतले उल्लेख काढले, १९५३चा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेख काढला. रसायनशास्त्रज्ञाने लढायचं ठरवलं, पुरावा ग्रंथालयातून आला, आणि निकाल पेटंट कायद्याने दिला. 'बारावीनंतर काय'वाल्या ताईंच्या "पाठांतर" या शब्दाला माझं हे उत्तर.

---

मुठाकाठ

मी सिंहगड रोडला राहते. २५ जुलै २०२४ला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा आमच्या पार्किंगपर्यंत आलं होतं. फ्लॅट घेताना विकणारा म्हणाला, "निळ्या रेषेच्या बाहेर आहे, पंचवीस वर्षांत एकदा पूर येतो, काळजी नको." तेव्हा मी मान डोलावली. आता विचारते, ही रेषा नक्की कोण मारतं आणि तिचा अर्थ काय?

---

कोर्टकचेरी

निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदाच्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदाच्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये अटी घालून परवानगी. रेषा पाटबंधारे खात्याची, अंमल महापालिकेचा. भांडण झालं की हरित लवाद किंवा उच्च न्यायालय. नकाशा माहिती अधिकारात मागता येतो, गट क्रमांक किंवा सर्व्हे नंबर घालून मागा.

---

सांख्यिकी_पुणे३०

"पंचवीस वर्षांत एकदा" याचा अर्थ आज आला की पुढची चोवीस वर्षं सुट्टी असा नाही. दर वर्षी शक्यता ४ टक्के, दर वर्षी नव्याने. २५ वर्षांत निदान एकदा तो पूर येण्याची शक्यता ६४ टक्के निघते. लाल रेषेचा पूर घ्या, वर्षाला १ टक्का. तुमचं गृहकर्ज ३० वर्षांचं असेल तर तेवढ्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के. चारातली एक!

आणि हे गणित पाऊस पूर्वीसारखाच पडेल या गृहीतावर आहे. पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ला दाखवलं की मध्य भारतात मोठ्या भागावर एकदम होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५मध्ये तिपटीने वाढल्या. जुन्या पावसावरून काढलेली रेषा नव्या पावसाला पुरेल का, हे पुन्हा तपासावं लागतं.

---

वेताळटेकडी

मुठाकाठ ताई, तुमच्या एका प्रश्नात सगळा धागा आला. पाऊस वेधशाळेचा आणि आयआयटीएमचा, नदीचं जलशास्त्र १९१६पासून खडकवासल्याच्या केंद्रीय जल संशोधन केंद्राचं, शक्यता संख्याशास्त्राची, रेषा कायद्याची, आणि रेषेच्या आत कोण राहतं हा प्रश्न समाजशास्त्राचा. नदीकाठची जागा स्वस्त असते, म्हणून तिथे कोण जातं हे सांगायला नको.

यात एक कामाची गोष्ट आपण इथले लोक करू शकतो. विद्यापीठाच्या भूगोल विभागात विश्वास काळ्यांनी नर्मदा-तापीच्या काठचे गाळाचे थर वाचून नोंदी नसलेल्या काळातले मोठे पूर शोधले. मुठेचा सगळ्यात मोठा पूर आपल्या आठवणीतला आहे. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं आणि मागोमाग खडकवासला. तो धरण फुटल्याचा पूर, त्यामुळे पावसाच्या पुराच्या मालिकेत तो मिसळता येणार नाही. पण पाणी कुठल्या गल्लीत किती चढलं, याची माहिती आजही मोलाची आहे. शनिवार, नारायण पेठेतल्या काही जुन्या घरांच्या भिंतींवर त्या पातळीच्या खुणा आहेत. वाडे पडतायत, त्यांच्याबरोबर खुणाही जातायत. ज्यांच्या घरी किंवा शेजारी अशी खूण आहे त्यांनी इथे लिहा. फोटो, पेठ, कुणी खूण केली ते, बस. घरमालकाचं नाव किंवा घर नंबर नको.

---

रुमाल

नारायण पेठेतल्या आमच्या जुन्या वाड्यात जिन्याच्या भिंतीला आहे, कोरलेली आडवी रेघ आणि खाली तारीख. वाडा पुनर्विकासाला गेलाय, दिवाळीनंतर पाडतील. मोजायचं कसं सांगा. रस्त्यापासून?

---

सांख्यिकी_पुणे३०

रस्त्यापासून मुळीच नको. दर डांबरीकरणाला रस्ता वर आलाय, १९६१चा रस्ता खाली गाडला गेलाय. वाड्याच्या जोत्याच्या दगडापासून मोजा, तो हलला नसेल तर. रेघेचा वरचा काठ धरा, सेंटिमीटरमध्ये. शेजारी पट्टी धरून फोटो, एक जवळून, एक जोत्यासकट. मग जोत्याची समुद्रसपाटीपासूनची उंची काढायला लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) लावावी लागेल, जवळच्या बेंचमार्कपासून, म्हणजे उंची आधीच ठरवून ठेवलेल्या खुणेपासून. माझ्या ओळखीचे एक सर्वेक्षणवाले आहेत, विचारते. पाडकाम सुरू व्हायच्या आत करू.

---

कोर्टकचेरी

पुनर्विकास करणाऱ्याची लेखी परवानगी घ्या, साधं एक पान पुरे. मसुदा मी करून देतो. खुणेचा दगडच काढून ठेवता आला तर तेही त्यात घालू.

---

मुठाकाठ

रविवारी सकाळी मी येते. पट्टी आणि कॅमेरा आणते. रुमाल, वेळ कळवा.